नगर नियोजनात इंटर्नशिप शोधताय? आधी एवढं करून ठेवा

बायोडेटा सगळ्यात शेवटी लिहा. त्याआधी आपल्या शहराची किंवा तालुक्याच्या गावाची विकास योजना, म्हणजे ज्याला सगळे डीपी म्हणतात ती, उतरवून घ्या. नगर रचना विभागाच्या संकेतस्थळावर राज्यातल्या बऱ्याच मंजूर योजनांचे नकाशे आणि अहवाल आहेत. महापालिकांच्या साइटवरही असतात, फक्त शोधायला चिकाटी लागते. नकाशा रंगीत, म्हणून आधी तोच उघडावासा वाटतो. पण सुरुवात अहवालापासून करा. योजना कोणत्या वर्षी मंजूर झाली, लोकसंख्या किती वाढेल असं धरलं होतं आणि २०११ च्या जनगणनेत खरा आकडा काय आला, एवढं जरी वहीत उतरवलं तरी मुलाखतीत तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल.

मग नकाशातली दोन-तीन आरक्षणं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागा, निवडा. एक शाळेचं, एक बागेचं, आणि एक असं की ज्याकडे कुणी बघत नाही: दफनभूमी, कत्तलखाना, कचरा डेपो. तिथं चालत जा आणि आज त्या जागेवर काय उभं आहे ते पाहा. फोटो काढा, गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक टिपून घ्या. आरक्षण कागदावरच राहिलं असेल तर का राहिलं याचा माग काढा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६, म्हणजे आपला ‘एमआरटीपी’, त्यातलं कलम १२७ इथं वाचावंच लागतं. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. आपल्या गावात असं कुठं झालंय हे ज्याला माहीत आहे, तो उमेदवार अर्जांच्या ढिगातून वर येतो. ‘मला शाश्वत शहरांची आवड आहे’ हे वाक्य तर प्रत्येक अर्जात असतं.

कायदा पूर्ण पाठ करायची गरज नाही. कलम २३ म्हणजे योजना तयार करण्याचा इरादा, २५ म्हणजे विद्यमान जमीन वापराचा नकाशा, २६ म्हणजे प्रारूप प्रसिद्धी, २८ म्हणजे हरकती-सूचना आणि नियोजन समितीची सुनावणी, ३१ म्हणजे शासनाची मंजुरी, आणि ३७ म्हणजे नंतरचे फेरबदल. कार्यालयात लोक याच आकड्यांत बोलतात: ‘ती फाइल सव्वीसला आहे’, ‘सदतीसखाली टाकलंय’. सोबत युडीसीपीआर, म्हणजे मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून लागू असलेली बांधकाम आणि विकासाची एकत्रित नियमावली. त्यातलं रस्त्याच्या रुंदीनुसार एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) कसा बदलतो ते कोष्टक तेवढं नीट समजून घ्या, बाकीचं काम करता करता कळतं. गोव्यातल्या मुलांनी याऐवजी त्यांचा १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा काढावा. तिथला प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या विरोधामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला होता, त्यामुळे तिथल्या कुठल्याही कार्यालयात हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल फार बोलत नाही, कारण त्याच्या याद्या सगळीकडे मिळतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिका. डीपीच्या पीडीएफमधलं एक पान जिओरेफरन्स करून (खऱ्या अक्षांश-रेखांशांशी जुळवून) उपग्रह चित्रावर बसवता आलं, त्यावर महाभूनकाशा या सरकारी जमीन-नकाशांच्या साइटवरचा गटाचा आकार जुळवता आला आणि खाली सूचिका, उत्तर दिशा, प्रमाण नीट टाकता आलं, की पहिल्या इंटर्नशिपपुरतं झालं. ऑटोकॅड येत असेल तर उत्तम. थ्रीडी रेंडर दाखवून नगर नियोजनाची कंपनी भुलत नाही, तो वास्तुविशारदांच्या ऑफिसचा मामला आहे.

आता अर्ज कुणाला करायचा. नोकरीच्या साइटवर ‘अर्बन प्लॅनर’ टाकून बसलात तर हाती फार लागत नाही, कारण या क्षेत्रातलं काम निविदांमधून फिरतं. शासनाच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर विकास योजना, जीआयएस बेस मॅप (संगणकीय मूळ नकाशा), टीपी स्कीम (नगर रचना योजना), वाहतूक आराखडा, पर्यावरण अहवाल अशा शब्दांनी शोधा. काम कुणाला मिळालं ते बघा. ज्या सल्लागार कंपनीला नुकतंच एखाद्या नगरपरिषदेचं काम मिळालंय तिला पुढचे काही महिने सर्वेक्षणाला माणसं लागणारच, मग तिनं जाहिरात दिलेली असो वा नसो. पत्रात ‘आपल्याकडे संधी असल्यास’ असं लिहिण्यापेक्षा ‘अमुक नगरपरिषदेच्या कामासाठी मी अमुक महिन्यात येऊ शकते, तो तालुका माझा आहे, तिथली बोली मला येते’ असं लिहा. उत्तर येण्याची शक्यता याच पत्राला जास्त.

सरकारी बाजूला पुणे आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणं (पीएमआरडीए, एमएमआरडीए), नवी मुंबई वसवणारं सिडको, महापालिकांचे नगर रचना विभाग आणि जिल्ह्याच्या ठिकाणची नगर रचना सहायक संचालकांची कार्यालयं आहेत. इथं ईमेलला उत्तर येईलच असं नाही. कॉलेजचं शिफारसपत्र, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का, दोन प्रती आणि आवक नोंद असं सगळं घेऊन स्वतः जावं लागतं. २०२० मध्ये केंद्र सरकारनं नागरी स्थानिक संस्थांमधल्या इंटर्नशिपसाठी ‘ट्यूलिप’ सुरू केलं होतं. एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर अशा संधींचा शोध घेत राहा. स्मार्ट सिटी अभियान मात्र ३१ मार्च २०२५ ला संपलं, त्यामुळे कुणी तुम्हाला ‘स्मार्ट सिटीत ट्राय कर’ म्हणालं तर त्यांची माहिती जुनी आहे. शहरं, वाहतूक आणि पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांमध्ये मुंबईत यूडीआरआय, पुण्यात परिसर आणि सीईई, शिवाय डब्ल्यूआरआय इंडिया, आयटीडीपी ही नावं विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात आणि ते बरोबरच आहे. पण तिथं लिहिण्या-वाचण्याचं काम जास्त असतं. अर्जासोबत नकाशापेक्षा दोन पानांचं नेटकं टिपण पाठवा.

वेळेचं गणित सोपं आहे, तरी दरवर्षी चुकतं. उन्हाळ्याची इंटर्नशिप हवी तर पत्रं डिसेंबर-जानेवारीत जायला हवीत. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर शोधायला निघालं की चांगल्या जागा भरलेल्या असतात. प्रत्यक्ष फिरण्याची कामं पावसाळा सोडून चालतात. जून ते सप्टेंबर ऑफिसात डिजिटायझेशन आणि अहवाललेखन. कॉलेजला सेमिस्टरभराची इंटर्नशिप असेल तर या दोन्ही ऋतूंत पाय ठेवता येईल असा काळ मागून घ्या.

पर्यावरणाकडून येणाऱ्यांची यादी थोडी वेगळी. तुमच्यासाठी मूळ कागद म्हणजे १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची, अधिसूचना. तिच्या परिशिष्टातली ८(अ) आणि ८(ब) ही कलमं आधी वाचा, कारण पुण्या-मुंबईत बहुतेक सल्लागारांचं पोट त्यांच्यावर चालतं: २०,००० चौरस मीटरपासून वरची बांधकामं आणि १,५०,००० चौरस मीटर किंवा ५० हेक्टरांपासून पुढच्या टाउनशिप. पर्यावरण मंजुरीसाठीच्या केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर प्रकल्पांचे अर्ज, अहवाल, समित्यांची इतिवृत्तं उघडी पडलेली आहेत. आपल्या जिल्ह्यातला एक प्रकल्प निवडून सगळं वाचून काढा. राज्य तज्ज्ञ समितीनं कोणते प्रश्न विचारले आणि सल्लागारानं काय उत्तर दिलं, याच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक मला तरी माहीत नाही.

कंपनी निवडताना ती क्यूसीआय-नॅबेटची (ईआयए सल्लागारांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यताप्राप्त आहे का आणि कोणत्या क्षेत्रांसाठी, ते नॅबेटच्या यादीत तपासा. यादी सार्वजनिक आहे. मान्यता नसलेल्या ठिकाणी तुम्ही शिकाल, पण पुढं कधी ‘फंक्शनल एरिया एक्स्पर्ट’ (हवा, पाणी अशा एका विषयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ) व्हायचं असेल तर मान्यताप्राप्त कंपनीतला अनुभव कामी येतो.

आणि एक तरी जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरण परिणामांवर लोकांचं म्हणणं ऐकण्याची सभा, बघा. सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवरही प्रकल्पाचा मराठी सारांश टाकलेला असतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि गावातला कुणीही उठून बोलू शकतो. जाण्याआधी तो मराठी सारांश मूळ इंग्रजी अहवालाशी ताडून बघा. पुष्कळदा तो अशा भाषेत असतो की ज्यांच्या विहिरीचा प्रश्न आहे त्यांना काही कळणार नाही. तुम्हाला सरळ मराठीत असा सारांश लिहिता येत असेल तर अर्जात तसं ठळकपणे लिहा आणि नमुना जोडा. या धंद्यात हे कौशल्य दुर्मीळ आहे, आणि आपल्याकडची मुलं ते लपवून ‘फ्लुएंट इन इंग्लिश’ लिहीत बसतात.

निवड झाली की पहिलं काम बहुतेक वेळा ईएलयू, म्हणजे विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण. हे काम कंटाळवाणं म्हणून नाकं मुरडतात, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. मुंबईचा २०३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले, वारसा वास्तू गाळल्या, अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये शासनानं महापालिकेला तो मागे घ्यायला लावलं. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. तेव्हा तळमजल्यावर किराणा दुकान आणि वर बिऱ्हाड असेल तर ‘निवासी’ अशी एकच खूण करून पुढं जाऊ नका. मिश्र वापर म्हणजे मिश्र वापर.

सर्वेक्षणाच्या पिशवीत ओळखपत्र, नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या पत्राच्या चार-पाच प्रती, टोपी, पाणी, पॉवर बँक आणि छापील भाग नकाशा ठेवा. मोबाइल अ‍ॅप बंद पडतं, कागद पडत नाही. सकाळी लवकर निघा. स्थानिक पोलीस ठाण्यात आणि नगरसेवकांच्या कानावर घातलंय ना, हे वरिष्ठांना आधीच विचारा. कारण तुम्ही हातात नकाशा घेऊन गल्लीत शिरलात की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आमच्या घरावरून रस्ता जाणार का?’ याचं उत्तर अंदाजानं देऊ नका. ‘नाही जाणार’ असा धीरही देऊ नका. आज घराचा सध्याचा वापर टिपायला आलोय, प्रारूप नकाशा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकत नोंदवता येईल, ती मराठीत साध्या कागदावर लिहून दिली तरी चालते, एवढं शांतपणे सांगा. घरात वयस्कर माणसं असतील तर ‘काका’, ‘मावशी’ म्हणून बोला. ‘सर-मॅडम’नं दारं जरा बंदच होतात. मुलींनी जोडीनं जावं आणि एकटीला पाठवत असतील तर तोंडावर नाही म्हणावं.

पैशाचं आधी बोलून घ्या, लाजू नका. विद्यावेतन किती, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, बाहेरगावी राहण्याची सोय कुणाची, प्लॉटरच्या प्रिंटचा खर्च कुणाचा. बिनपगारी इंटर्नशिप मला स्वतःला पटत नाही. ज्या कंपनीला कामाचे पैसे मिळतात तिनं निदान एसटीचं भाडं आणि जेवण तरी द्यावं. सरकारी कार्यालयात विद्यावेतन नसलं तर किमान काम काय देणार ते ठरवून घ्या, नाहीतर आवक-जावक नोंदवहीत दोन महिने निघून जातात.

पुढच्या वाटेचीही थोडी तयारी आत्ताच सुरू करता येते. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालानुसार देशात नगर नियोजकांची १२,००० हून जास्त पदं लागतील, मंजूर आहेत ३,९४५, आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी. हा आकडा ऐकून कुणी हुरळून जाऊ नये, कारण पद रिकामं असणं आणि ते भरण्याची जाहिरात निघणं यात वर्षं जातात. राज्यात एमपीएससीमार्फत सहायक नगर रचनाकार, आणि विभागाकडून थेट रचना सहायक अशा भरत्या निघतात. जाहिरातीतल्या पात्रतेत तुमच्या पदवीचं नाव जसंच्या तसं आहे का ते जुन्या जाहिराती काढून आताच बघा. भूगोल किंवा पर्यावरणशास्त्रातून येणाऱ्यांना इथंच ठेच लागते. त्यांनी नियोजनातल्या पदव्युत्तर पदवीचा विचार आधी करावा. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, अहमदाबादचं सेप्ट, दिल्ली-भोपाळ-विजयवाड्याच्या एसपीए (नियोजन आणि वास्तुकलेच्या केंद्रीय संस्था), खरगपूर-रुडकीच्या आयआयटी असे पर्याय आहेत. बऱ्याच ठिकाणी गेट या परीक्षेचे गुण लागतात, आणि आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगच्या पेपरला स्थापत्य अभियंतेही बसतात हे अनेकांना माहीत नसतं.

इंटर्नशिप संपताना प्रमाणपत्रावर फक्त तारखा नकोत. कोणत्या योजनेवर, किती प्रभागांत, नेमकं काय केलं हे लिहून घ्या. हवं तर मसुदा तुम्हीच करून द्या, वरिष्ठ आनंदानं सही करतात. तुम्ही काढलेले नकाशे पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी लेखी मागा, कारण प्रारूप प्रसिद्ध होण्याआधीचा नकाशा बाहेर गेला तर जमिनींचे भाव हलतात आणि बोट तुमच्याकडे वळतं. परवानगी नसेल तर फाइली लॅपटॉपवरून पुसा आणि पुसल्याचा ईमेल पाठवा.