लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिस्कवर घ्यायची तर व्हीसीडी रेकॉर्डर की डीव्हीडी रेकॉर्डर?

आधीच सांगतो, डीव्हीडी रेकॉर्डर. व्हीसीडीवाला कोणी फुकट देत असेल तरी नको. एवढ्यावरच थांबलो असतो, पण ज्याला विचाराल तो एक ठरलेलं वाक्य फेकतो की "अहो व्हीएचएसची क्वालिटी ती काय, व्हीसीडीत आरामात बसते", आणि हे इतक्या वर्षांत इतक्या जणांनी इतक्या खात्रीने सांगितलंय की कित्येक घरांत लग्नाच्या कॅसेटच्या भिकार व्हीसीड्या झाल्यात आणि मूळ कॅसेट भंगारवाल्याकडे गेलीय.

वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त डोकं फिरतं. आडव्या बाजूने व्हीएचएसमध्ये जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो आणि व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे आडवं पुरतं. पण उभ्या बाजूचं काय? आपल्याकडच्या पाल या टीव्ही सिस्टीममध्ये चित्र ५७६ ओळींचं, आणि ते सेकंदाला ५० फील्डमध्ये येतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. व्हीसीडी यातली एकाआड एक फील्ड सरळ टाकून देते. म्हणजे अर्ध्या ओळी गेल्या आणि अर्धी हालचालपण गेली. वरातीत जे काका कॅसेटवर मस्त नाचतात ते व्हीसीडीवर धक्के खात नाचतात. आणि टाकलेली फील्ड पुढे कुठलंही सॉफ्टवेअर खरीखुरी परत आणू शकत नाही, अंदाजाने भरतं फक्त.

शिवाय बिटरेट, म्हणजे चित्राच्या एका सेकंदाला किती डेटा मिळतो ते. व्हीसीडीला व्हिडिओसाठी सेकंदाला ११५० किलोबिट ठरवून दिलेत, तेही एमपेग-१ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या जुन्या पद्धतीत. डीव्हीडी रेकॉर्डर दोन तासांच्या मोडला एमपेग-२ मध्ये साधारण ५००० देतो. फरक बघायचा तर "शुभमंगल सावधान" झाल्या झाल्या अक्षता पडतात तो भाग लावा. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यात व्हिडिओवाल्याचा तो डोळे दिपवणारा हॅलोजन, आणि त्याच वेळी मागे सगळा हॉल उठून उभा राहतोय. व्हीसीडीवर इथे नवरा-नवरीच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. मला कुठलीही डिस्क तपासायची असेल तर मी थेट तिथेच उडी मारतो, बाकी काही बघत बसत नाही.

आणि डिस्क कमी लागतात म्हणावं तर तेही नाही. तीन तासांची ई-१८० कॅसेट, एका सीडीत ७४ ते ८० मिनिटं, म्हणजे तीन सीड्या. डीव्हीडीवर दीड-दीड तास केलं तर दोनच, आणि त्यात बिटरेट व्हीसीडीच्या जवळपास सहापट.

आता खरेदी. नवीन डीव्हीडी रेकॉर्डर दुकानात शोधू नका, सेकंडहँडच घ्यावा लागणार. पॅनासॉनिकचा ईएस१० किंवा ईएस१५ मिळाला तर लगेच उचला, जुन्या कॅसेटचं थरथरणारं चित्र ते आतल्या आत बरंच सरळ करतात. कुठलाही घ्या पण मूळ रिमोटशिवाय घेऊ नका, कारण बऱ्याच मशीनवर फायनलाइझचा (डिस्क शेवटी बंद करून इतर प्लेअरवर चालेल अशी करण्याचा) मेनू रिमोटशिवाय उघडतच नाही. बघायला जाताना कोरी डिस्क घेऊन जा आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करून बघा. जुन्या लेसरला डिस्क वाचता येते पण लिहिता येत नाही असं सर्रास असतं, आणि विकणारा तुम्हाला फक्त पिक्चर लावून दाखवतो. व्हीसीआरही चांगला बघा, फुनाई या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, त्यामुळे जो आहे तो जपून वापरा. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असेल (कोकणात हमखास) तर ती साफ केल्याशिवाय आत घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल.

जोडणी म्हणजे पिवळी, पांढरी, लाल वायर. ट्रॅकिंग (व्हीसीआरवरची चित्र स्थिर करायची सोय) नीट करा. झालं.

खरी मेख आहे रेकॉर्डिंग मोडमध्ये. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी, ईपी असे मोड असतात, कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात. एकाच डिस्कवर अनुक्रमे एक, दोन, चार आणि सहा ते आठ तास मावतात. विकणारा सांगणार "सहा तास बसतात, दोन कॅसेट एका डिस्कवर". बसतात ना! पण बऱ्याच मशीनमध्ये ईपीला चित्र ३५२ बाय २८८ होतं, म्हणजे ज्या व्हीसीडीला आपण नको म्हटलं तीच मागच्या दाराने घरात आली, फक्त डब्यावर डीव्हीडी लिहिलंय.

लोकांना वाटतं कॅसेट जुनी, चित्र खराब, मग कमी बिटरेट चालेल. बरोबर उलटं आहे. जुन्या कॅसेटवर ज्या मुंग्या असतात त्या दर फील्डला बदलतात, आणि चित्र दाबून लहान करणाऱ्या बिचाऱ्या एन्कोडरला मुंगी कुठली आणि शालूवरची जर कुठली हे कळत नाही, तो दोन्हीला सारखेच बिट वाटत बसतो. स्वच्छ टीव्ही सिग्नल एलपीला एक वेळ निभावतो, वीस-पंचवीस वर्षांची कॅसेट नाही निभावत. म्हणून माझा नियम असा, दोन तासांच्या वर एका डिस्कवर काही नाही, आणि जमेल तिथे दीड तास. मशीनमध्ये एफआर मोड (वेळ आपण ठरवायची तो) असेल तर ९० मिनिटं टाका, तो डिस्कची जागा बरोबर वाटून देतो. नसेल तर एसपी. कॅसेट कापायची कुठे ते आधी बघून ठेवा, मंगलाष्टकांच्या मधेच डिस्क संपली की घरातले सोडत नाहीत. पंगत सुरू होते तिथे कापा, तिथलं दोन मिनिटं गेलं तरी कोणी रडत नाही.

पहिली डिस्क आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) वापरा, त्यावर अक्षतांची दहा मिनिटं एसपीत आणि तीच दहा मिनिटं एलपीत घ्या आणि मोठ्या टीव्हीवर बघा. मग माझ्याशी भांडायला या.

मधेच स्क्रीनवर "कॉपी प्रोटेक्टेड" असा मेसेज येऊन रेकॉर्डिंग थांबलं तर घाबरू नका. स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला कोण कॉपी प्रोटेक्शन लावतंय! टेप ताणलेली किंवा सिग्नल हलका असला की मशीनला तोच मॅक्रोव्हिजनचा, म्हणजे विकतच्या कॅसेटवरच्या कॉपी प्रोटेक्शनचा, सिग्नल वाटतो. ट्रॅकिंग बदला, टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, दुसऱ्या व्हीसीआरवर लावा. तरी येत असेल तर मधे टाइम बेस करेक्टर (व्हीसीआरचा हलता सिग्नल सरळ करणारं यंत्र) लावावा लागतो, तो महाग आहे, त्यामुळे आधी व्हीसीआर बदलून बघाच.

फायनलाइझ विसरायचं नाही. डीव्हीडी-आर फायनलाइझ केल्याशिवाय ज्या मशीनवर लिहिली त्याच्याशिवाय दुसरीकडे सहसा चालत नाही. बरेच जण डिस्कचा गठ्ठा करून ठेवतात, मशीन विकून टाकतात आणि मग विचारत फिरतात की कॉम्प्युटरला डिस्क कोरी का दिसतेय. फायनलाइझ चालू असताना लाईट गेली तर डिस्क गेलीच समजा, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर लोडशेडिंगच्या वेळेला हात लावू नका. आरडब्ल्यूवर व्हीआर मोड आणि व्हिडिओ मोड असं विचारतं तिथे डोळे झाकून व्हिडिओ मोड घ्या, व्हीआरवाली डिस्क साध्या प्लेअरला कळत नाही.

झाल्यावर त्याच दिवशी डिस्कमधलं व्हिडिओ टीएस फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर कॉपी करा. घरच्या लिहिलेल्या डिस्कचा भरवसा नाही, आतल्या थराचा रंग काही वर्षांत उतरू शकतो. फाईल आहे तशी ठेवा, लगेच मोबाईलसाठी चेपून लहान करू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर वेगळी कॉपी काढा. आधीच्या व्हीसीड्या घरात असतील आणि कॅसेट गेलेली असेल तर त्यातल्या डॅट फाईलीही (व्हीसीडीचा व्हिडिओ त्यातच असतो) आत्ताच कॉपी करून ठेवा, जे उरलंय ते तेवढंच आहे. डिस्कवर नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या मार्करने आणि मधल्या पारदर्शक गोलावर. कागदी स्टिकर नको, तो एका बाजूने सुटतो आणि मग डिस्क प्लेअरमध्ये खडखडते.