दुकानाचा नंबर घ्यायच्या आधी

फॅन्सी मोबाईल नंबरासाठी तालुक्याला निघण्याआधी एक काम घरीच करा: गिऱ्हाईक आपला नंबर दुसऱ्याला कुठं उभं राहून सांगतं, ते आठवा. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, यवतमाळ जिल्ह्यात. रात्रीची थ्री फेज लाईन असली आणि पंप जळाला, की विहिरीवरून एकजण ओरडून नंबर सांगतो, दुसरा स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहितो. तेव्हा कार्डावर नंबर कसा दिसतो ते मागून बघू.

माझ्या पहिल्या नंबरात ओळीनं पाच नऊ होते. जास्तीचे पैसे मोजून घेतला. कोणी चार नऊ दाबी, कोणी सहा. फोन लागतच नसे. एकच आकडा तीनदा, बस. ‘एकोण’वाले जोड टाळा. ‘एकोणसाठ’ म्हटलं की ऐकणारा सहा लिहून मोकळा, मग ‘किती म्हंतलं बावा?’ सुरू. अपवाद २९चा, कारण यवतमाळच्या गाड्यांवरचं एमएच २९ इथं पोरासोरांनाही पाठ आहे. अमेरिकेत बटणांवरच्या इंग्रजी अक्षरांतून दुकानाचं नाव जुळवतात म्हणे. आपल्याकडं अक्षरं शोधेपर्यंत कपाशी वाळेल.

नंबर पसंत पडला की घरच्या म्हाताऱ्याला एकदाच सांगा आणि चहा झाल्यावर विचारा. अडखळला तर दुसरा बघा.

बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते. म्हणून घेण्याआधी त्यावर फोन लावा, व्हॉट्सॲपवर कोणाचा फोटो दिसतो का पाहा; नाहीतर आधीच्या मालकाचे वसुलीवाले तुमच्या गळ्यात. ‘व्हीआयपी नंबर आहे, आधी टोकन टाका’ म्हणणाऱ्याला रुपयाही पाठवू नका. बीएसएनएल असे नंबर स्वतःच ई-लिलावात काढतं. सिम स्वतःच्याच आधारवर घ्या, मेहुण्याच्या नको. गावात त्या कंपनीची रेंज नसली तरी अडत नाही. ९० दिवसांनी १९००वर मेसेज टाकून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येतो, नंबर तोच राहतो.

पेंटरला बोलावण्याआधी, नंबर तोंडानं जसा तोडून सांगता तसाच जागा सोडून कागदावर लिहून द्या. तो आपल्या मनानं पाच-पाच पाडतो.

आणि जुनं सिम फेकू नका. एका पेटीवर माझा तो पाच नवांचा नंबर ऑइल पेंटनं लिहिलेला आहे. रिचार्ज चालूच आहे.