रानात नवीन पोर आलं की

राधानगरी अभयारण्याच्या कडेला आमचं फील्ड स्टेशन, म्हणजे रानात राहून अभ्यास करायची जागा. दहा पावसाळे मी ते सांभाळतेय.

नवी तुकडी यायच्या आधी संडास बघा. आतून कडी, पाणी, झाकणाचा डबा. पोरी दिवसभर पाणी न पिता रानात फिरतात, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. लाज वाटली.

गमबूट, रेनकोट, जळवांचे मोजे स्टेशननंच ठेवावेत, सगळ्या मापांचे. ‘स्वतःचं आणा’ म्हटलं की गरिबाघरचं पोर अर्जच करत नाही. शाहू महाराजांनी १९०२ ला मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, पण १९०१ लाच वसतिगृह काढलं होतं. राहायची-खायची सोय आधी!

तांबडा-पांढरा रविवारी, शाकाहाऱ्यांची पळी वेगळी. भांडी आळीपाळीनं, सरसुद्धा घासतात, वाईट घासतात.

धनगर मामांना गव्याचा माग आपल्याआधी दिसतो. नोंदवहीत ‘स्थानिक मदतनीस’ नको, त्यांना विचारून नाव लिहा. संध्याकाळची बैठक मराठीतच घ्या. परप्रांतीय असेल त्याच्याशेजारी सांगणारं कुणीतरी बसवा.

तक्रार ऐकणारा माणूस स्टेशनबाहेरचा हवा. तक्रार माझ्याबद्दलही असू शकते की! त्याचा नंबर स्वयंपाकघरात लावा, आणि रेंज कुठल्या दगडावर मिळते तेही पहिल्याच दिवशी दाखवा.