मुलांसह तंबूतली एक रात्र: नाशिककरांसाठी उन्हाळी मुक्कामाची तयारी

सुट्टीत मुलांना घेऊन तंबूत राहायचे असेल, तर नाशिककराला लांब जाण्याची गरज नाही. गंगापूर धरणाच्या फुगवट्याजवळची गावे, त्र्यंबक रस्ता, इगतपुरीचा परिसर किंवा सत्तरेक किलोमीटरवरचे भंडारदरा यांपैकी काहीही चालते. गेली काही वर्षे आम्ही दोन-तीन कुटुंबे मिळून असा मुक्काम करतो. या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मुक्कामाची आखणी स्थळे पाहण्याभोवती न करता मुलांच्या खेळाभोवती करावी, आणि खेळाची आखणी सर्वांत लहान मुलाभोवती करावी.

तारीख ठरवताना आधी कालनिर्णयमध्ये तिथी पाहावी. रात्री चांदण्यात खेळायचे असेल तर वैशाख पौर्णिमेच्या आसपासचे दिवस उत्तम. काजवे पाहायचे असतील तर मात्र मे महिन्याच्या अखेरीस, अमावास्येच्या जवळ भंडारदऱ्याकडे जावे, कारण चांदण्यात काजवे फिके पडतात. दोन्ही एकाच रात्री साधत नाही, त्यामुळे काय हवे ते मुलांनाच विचारावे.

जागा ओळखीच्या शेतकऱ्याची किंवा मुक्कामाची सोय असलेली असावी, आणि जमीन वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय तेथे उतरू नये. धरणाचा काठ दिसायला सपाट असला तरी पाण्याखाली गाळ असतो आणि खोली अचानक वाढते. म्हणून तंबू काठापासून लांब लावावा आणि मोठे माणूस सोबत असल्याशिवाय मुलांनी पाण्याकडे जायचे नाही, हे निघण्यापूर्वी घरीच ठरवून टाकावे. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडच्या बाजूला, उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो. उसाला लागून मुक्काम टाळावा आणि अंधार पडल्यावर एकट्या मुलाला तंबूबाहेर सोडू नये.

तंबू झाडाच्या पश्चिमेला लावावा. उन्हाळ्यात सकाळी साडेसातलाच तंबूच्या आत भट्टी होते, पण झाड पूर्वेला असले की सकाळची सावली तंबूवर पडते आणि मुलांची झोप पुरी होते. वाळलेल्या फांदीखाली मात्र तंबू नको. आपल्याकडची मुरुमाची जमीन वैशाखात दगडासारखी कडक होते आणि तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक मेखा तिच्यात वाकतात, म्हणून वीतभर लांबीच्या लोखंडी मेखा वेगळ्या न्याव्यात. मेखेचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेले ठेवून ती ठोकावी. एका वर्षी आम्ही मेखा न ठोकता कोपऱ्यांवर नुसते दगड ठेवले होते. चारच्या सुमारास वळीव आला आणि तंबू आमच्या डोळ्यांदेखत बांधापलीकडे गेला. विजा चमकू लागल्या तर झाडाखाली किंवा तंबूत थांबू नये, काचा लावून गाडीत बसावे.

आता खेळांविषयी. सकाळी साडेनऊनंतर आणि दुपारी साडेचारपर्यंत मैदानी खेळ बंद ठेवावेत. त्या वेळात सावलीत पत्ते, सागरगोटे आणि गोष्टी चालतात. खो-खो हा माझा आवडता खेळ असला, तरी मैदानात एका बाजूचे नऊ खेळाडू लागतात आणि दोन-तीन कुटुंबांत तेवढी मुले जमत नाहीत. म्हणून लंगडी, विषामृत आणि लगोरी हेच मुक्कामाचे खेळ.

लगोरीचे दगड मात्र घरून न्यावेत. उन्हाळ्यात दगडांखाली विंचू आणि फुरसे गारव्याला बसलेले असते, आणि लगोरीसाठी चपटे दगड शोधणारी मुले नेमके तेच दगड उचलतात. शहाबादी फरशीचे सात तुकडे पुरतात, सर्वांत मोठा वीतभर आणि सर्वांत लहान चार बोटांचा. सर्पदंश झालाच तर तो अवयव न हलवता मुलाला शांत ठेवावे, जखम कापू नये, आवळून बांधू नये, आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे निघतानाच पाहून ठेवावे.

प्रत्येक मुक्कामात एखादे कच्चे लिंबू असतेच. त्याला बाद करायचे नाही एवढीच सवलत दिली, तर दहा मिनिटांत ते कंटाळून आईच्या मांडीवर येऊन बसते, कारण आपण खेळात नाही हे त्याला बरोबर कळते. आमच्याकडे नियम असा आहे की सातवा, सर्वांत लहान तुकडा कच्च्या लिंबानेच ठेवायचा, त्याशिवाय लगोरी लागत नाही. माझी भाची चार वर्षांची असताना तो तुकडा दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून उभी राहायची आणि तिच्याभोवती मोठी मुले चेंडूचा मारा पाठीवर झेलत कडे करायची. शर्यतीतही वयाप्रमाणे मुलांना मागे-पुढे उभे करावे, म्हणजे चुरस राहते.

पिण्याचे पाणी माणशी पाच लिटर न्यावे, सोबत कैरीचे पन्हे आणि ओआरएसची पाकिटे असावीत. जेवणाला दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुरते. चूल पेटवायचीच असेल तर खड्ड्यात पेटवावी, भोवतालचे वाळलेले गवत आधी काढावे आणि झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून राख हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. या दिवसांत एका ठिणगीने वणवा लागतो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर गोष्टी आपल्या जिल्ह्यातल्या सांगाव्यात. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, आणि चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकून २०१६ च्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. आपल्याच जिल्ह्यातली गावे गोष्टीत ऐकताना मुले उठून बसतात.

सकाळी करवंदांच्या जाळीकडे जावे. करवंद फोडण्यापूर्वी ‘कोंबडा की कोंबडी’ विचारायचे, आतून लाल निघाले तर कोंबडा. निघताना मेखा मुलांकडून मोजून घ्याव्यात आणि लगोरीच्या सर्वांत मोठ्या तुकड्याच्या मागे खिळ्याने त्या वर्षाचा आकडा कोरावा. आमच्या तुकड्यावर २०२० पुढे ‘गच्ची’ असे कोरलेले आहे.