जिनिंगच्या काट्यावर जुनं पायथन, लॅपटॉपवर नवं

बीसीए झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते यवतमाळकडच्या एका कापसाच्या जिनिंगमधे, काट्याच्या पावतीचा प्रोग्राम दुरुस्त करायचं. तिथं विंडोज एक्सपीचा जुना डबा, त्यावर पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) 2.7, आणि माझ्या लॅपटॉपवर नवं 3. एक्सपीवर 3.4 च्या पुढचं चढतच नाही, त्यात ऐन सीझनमधे मालक मशीनला हात लावू देईना, म्हणून एकच कोड दोन्हीकडं चालवायचा.

प्रिंटचे कंस (नव्यात लागतातच), एफ-स्ट्रिंग (मजकुरात आकडे भरायची सोय, ती 3.6 पासून) वगैरे चुका परवडल्या, प्रोग्राम जागेवरच बोंबलतो. मारतात त्या गुपचूप चुका.

मी क्विंटल काढायला किलो भागिले 100 लिहिलं. लॅपटॉपवर 1850 चे 18.5 आले, काट्यावर आले सरळ 18, कारण 2.7 पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की दशांश टाकून देतं. एक काका पावती घेऊन आले, "काबे पोट्ट्या, माहा अर्धा क्विंटल कुठी गेला?" 5400 च्या भावानं 2700 रुपये राजेहो! त्याच रात्री फाईलच्या डोक्यावर फ्यूचरमधून डिव्हिजन इम्पोर्ट करायची ओळ टाकली (फ्यूचरच्या दोन्ही बाजूला दोन-दोन अंडरस्कोअर), मग दोन्हीकडं 18.5. जिथं पूर्णांकच पाहिजे तिथं डबल स्लॅश.

आकडा पूर्ण करणाऱ्या राउंडचंही तसंच, 2.5 चे जुन्यात 3 होतात, नव्यात 2. हमालीचा हिशोब मी रुपयांऐवजी पूर्ण पैशांत ठेवायला लागलो, राउंडची भानगडच नको.

पावतीवरच्या मराठी नावांनी तर डोकं खाल्लं. 'कापूस' ची लांबी जुनं 15 सांगतं, नवं 5, कारण जुनं बाइट मोजतं आणि मराठीचं प्रत्येक अक्षर, काना, उकार यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मधे 3 बाइटचा. पावतीचे कॉलम वाकडेतिकडे. फाईल उघडायला आयओ मॉड्यूलचं ओपन वापरा आणि एन्कोडिंग यूटीएफ-8 स्वतः लिहा, दोन्हीकडं चालतं.

नवीन पोरांनी एवढं करा, मागच्या सीझनच्या पन्नासेक पावत्या घ्या, दोन्ही पायथनवर काढा आणि आकडे जुळवा. मी हे काका येऊन गेल्यावर केलं.

2.7 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला, तो डबाही नंतर भंगारात गेला. डिव्हिजनची ओळ मात्र अजून फाईलमधे आहे, 3 ला तिचा काही त्रास नाही.