वाटेचा तंटा मिटवायला बसण्याआधी: गावातल्या मध्यस्थासाठी

दोन चुलत भावांची गोष्ट घेऊ. जुन्या घराच्या मागच्या भागात धाकट्याचं बिऱ्हाड. रस्त्यावर यायची त्याची वाट थोरल्याच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, माडांच्या दोन रांगांमधून जाते. आजोबांच्या काळापासून ती कुणी अडवली नव्हती. मग धाकट्याने मोटार घेतली, ती वाटेतच उभी राहू लागली आणि एका सकाळी थोरल्याने आडवे चिरे रचले. पंचायतीत अर्ज, पोलिसांत तक्रार, वकिलाची नोटीस हे सगळं यथासांग झालं. आता वाड्यावरचं कुणीतरी तुमच्याकडे येऊन म्हणतंय, "तुमचं दोघंही ऐकतात. जरा मिटवा."

हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही वाड्यावर खपून जाईल.

आधी 'तुमचं ऐकतात' हे विसरा

आपल्या गावांना निवाड्याची सवय आहे. गावकार, म्हणजे गावचे मूळ मानकरी, सांगायचे, भाटकार, म्हणजे जमीनमालक, सांगायचा, तेवढ्याने भागलं नाही तर देवाला कौल लावायचा. निर्णय नेहमी वरून यायचा. मध्यस्थी याच्या अगदी उलट आहे. इथे निर्णय भांडणाऱ्यांनीच घ्यायचा असतो. तुम्ही फक्त त्यांना नीट बोलतं करता. 2023 च्या मध्यस्थी कायद्यातही हेच आहे. मी मदत करणार, तोडगा लादणार नाही, हे मध्यस्थाने पक्षकारांना स्पष्ट सांगायचं असतं. पहिल्याच भेटीत हे सांगा, आणि दोघं "छे छे, तुम्ही सांगाल ते मान्य" म्हणाले तरी मोहात पडू नका. तुमचा निवाडा ज्याला टोचेल तो महिन्याभरात "त्यांनी भिडेने मान्य करायला लावलं" म्हणत फिरेल.

प्रकरण घ्यायचं की नाही

तुम्ही यातल्या एकाचे नातलग, भाडेकरू, सावकार किंवा प्रभागातले पंच असाल तर दुसऱ्या मध्यस्थाचं नाव सुचवा. मारहाण झाली असेल, बाई घरात भीतीने जगत असेल, तर "मिटवून टाका" म्हणणं हा गुन्हाच झाकणं आहे. तिला पोलीस आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. खोटे कागद केल्याचा गंभीर आरोप असेल तरीही थांबा. अल्पवयीन मुलांविरुद्धचे आणि देवाविरुद्धचे दावे 2023 च्या कायद्याने मध्यस्थीबाहेर ठेवले आहेत. देवळाच्या जमिनीचा वाद सोप्यावर बसून सोडवायला निघालेल्यांनी हे आधी वाचावं.

भाटकार आणि मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, समोरासमोर असतील तर अधिकच जपून. मुंडकाराला 1975 च्या मुंडकार कायद्याने संरक्षण आहे आणि ते प्रकरण मामलेदारापुढे जातं. आपला हक्क काय हे त्याला ठाऊक नसताना त्याची सही घेणं याला तडजोड म्हणत नाहीत. आधी त्याला वकील मिळवून द्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून पात्र माणसाला तो फुकट मिळतो.

बैठकीला कोण कोण हवं

गोव्यातल्या बऱ्याच तडजोडी इथेच फसतात, म्हणून यावर जरा थांबतो.

भांडतात दोघे भाऊ, म्हणून दोघांनाच बोलावलं जातं. पण आपल्याकडचा नागरी कायदा वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि पत्नीच्या संमतीवाचून नवऱ्याला स्थावर मालमत्ता देता-विकता येत नाही. थोरल्याने मोठ्या मनाने वाट दिली आणि वहिनी चुलीजवळून "मला कुणी विचारलं?" म्हणाल्या, तर त्यांचं बरोबर आहे. कायद्यानेही आणि माणुसकीनेही.

तेच बहिणींचं. लग्न होऊन वास्कोला गेलेली बहीण, मुंबईला असलेली आत्या, यांचाही वाटा असतो. मृत्युपत्रानेही मुलांचा राखीव अर्धा हिस्सा काढून घेता येत नाही. तेव्हा घराण्याची नावं कागदावर उतरवा, प्रत्येकापुढे जोडीदाराचं नाव लिहा आणि कुणाचा संबंध आहे, कुणाचा नाही हे वकिलाला विचारा. कंटाळवाणं काम आहे. ते टाळून झालेला समेट दुसऱ्या पिढीत पुन्हा उघडतो.

कागद पाहा, मग चालून या

एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद, आणि सर्व्हे नकाशा मागवा. उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. नाव नाही म्हणून हक्क गेला असंही नाही. दोन्ही बाजूंचा गैरसमज इथेच असतो.

मग वाटेवरून चाला. आधी एकाबरोबर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याबरोबर. टेप घेऊन जा. कागदावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात फणसाला वळसा घालते, पावसाचं पाणी कुणाच्या गडग्याखाली, म्हणजे दगडी कुंपणाखाली, शिरतं, नारळ काढणारा पाडेली ते कुठे टाकतो, हे चालल्याशिवाय कळत नाही.

एकेकट्याला भेटा

एकत्र बैठकीआधी प्रत्येकाला निदान तासभर द्या. "तुमची मागणी काय?" असं विचारलं की नोटिशीतलं वाक्य ऐकू येतं. त्यापेक्षा "हे सुरू कसं झालं?" असं विचारा आणि गप्प बसा. खरंच गप्प. अर्ध्या तासाने वेगळंच बाहेर येतं.

आपल्या उदाहरणात धाकट्याला मोटार आईसाठी हवी होती. तिला गुडघ्यांमुळे रस्त्यापर्यंत चालवत नाही. थोरल्याचा मोटारीवर राग नव्हताच. "आणली तेव्हा मला एका शब्दाने विचारलं नाही," हे पहिलं दुःख आणि "आज मोटार, उद्या म्हणतील वाट आमचीच," ही भीती. ही दुसरी गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. वाट हवी की नको यावर दोघं भांडत होते, पण ती परवानगी म्हणून द्यायची की हक्क म्हणून हे ठरलं तर थोरल्याचा विरोध बराच निवळणार होता.

एकाने खासगीत सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं असेल तर आधी विचारा. आणि घरी गेल्यावर आपल्या बायकोला किंवा नवऱ्यालाही सांगू नका. गाव लहान असतं.

दिवस आणि जागा

चवथीला सगळा गोतावळा एकाच गणपतीपुढे जमतो, म्हणून "तेव्हाच उरकू" असं हमखास सुचवलं जातं. नको. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना जुने मानापमान वर येतात, पाहुण्यांसमोर कुणी मागे हटत नाही. सगळे आलेत तर फार तर पुढची तारीख ठरवून घ्या. जागाही कुणाच्या सोप्यावर नको आणि देवळाच्या मंडपात तर नकोच. तिथे माणूस पटलं म्हणून नाही, भीतीने हो म्हणतो. शाळेचा रिकामा वर्ग चालतो.

एकत्र बैठक

सुरुवातीला एकच नियम: एक बोलत असताना दुसरा बोलणार नाही. प्रत्येकाचं बोलणं संपलं की तुमच्या शब्दांत ते परत सांगा, शिव्या वगळून. "दादा, तुमचं म्हणणं असं, की विचारलं असतं तर नाही म्हटलं नसतं. बरोबर?" तो मान हलवतो, आणि हे वाक्य धाकटा पहिल्यांदाच भांडणाबाहेर ऐकतो.

तोडगे त्यांनाच काढू द्या. आवाज चढला तर चहा सांगा आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत भेटा. दोन-तीन बैठका लागणं साधी गोष्ट आहे. चहा मात्र तुमच्या खर्चाने असू द्या. काम झाल्यावर घरी येणारे दहा नारळ आणि केळ्यांचा घडसुद्धा परत पाठवायचा असतो, कितीही अवघड वाटलं तरी.

कागद

बोलणं कोंकणीत होतं, कागद मराठीत होतो आणि वकील त्याचं इंग्रजी करतो. सहीआधी तो ज्या भाषेत भांडण झालं त्याच भाषेत मोठ्याने वाचा.

मी एकदा नुसतं "वाट मोकळी ठेवावी" असं लिहून समाधानाने घरी आलो होतो. दोन महिन्यांनी स्कूटर उभी केली तर वाट मोकळी की बंद, यावर पुन्हा जुंपली. तेव्हापासून रुंदी मीटरमध्ये, सुरुवात आणि शेवट खुणेसकट, गाडी कुठे उभी राहील, चिरे कोण हलवणार आणि कधीपर्यंत, पाण्याचा गटार कुणाच्या खर्चाने, वाट परवानगीने दिली की हक्काने, आणि उद्या काही बिनसलं तर कोर्टाआधी पुन्हा बसायचं, एवढं लिहितोच.

या कागदाला बळ किती, हेही खरं सांगा. दावा आधीच कोर्टात असेल तर तडजोड तिथे दाखल करून तसा हुकूमनामा घेता येतो. लोकअदालतीत नोंदली तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला हुकूमनाम्याचं बळ येतं आणि अपील राहत नाही. 2023 च्या कायद्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे, तीन मध्यस्थांच्या मंडळासह. पण त्यातून झालेला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. शिवाय 9 ऑक्टोबर 2023 ला या कायद्याची जी पहिली कलमं लागू झाली त्यांत हे प्रकरण नव्हतं, म्हणून आजची स्थिती आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात विचारूनच पुढे जा. जमिनीची मालकीच बदलत असेल तर नोंदणीकृत दस्ताला पर्याय नाही.

हे काम पेशा म्हणून करायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने आखलेलं 40 तासांचं प्रशिक्षण असतं. ते घ्या.

पहिल्या पावसात एक फेरी

सह्या झाल्या की चिरे हलले का, एवढं आठवड्याने पाहा. खरी परीक्षा जूनमध्ये. गटार तुंबतो, चिखल होतो, मोटार हातभर बाजूला लावली जाते. त्या आठवड्यात छत्री घेऊन सहज म्हणून जा. धाकट्याच्या आईची चौकशी करा, परतताना थोरल्याच्या सोप्यावर पाच मिनिटं टेका. पाण्याबद्दल कुणी काही बोललं, तर खिशातला टेप काढा.