नाटकाचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर मावेल का? जीबीचे रूपांतर कसे करावे

समजा, फोंडा तालुक्यातील एका देवळाच्या उत्सवात झालेल्या मराठी नाटकाचे चित्रीकरण मंडळाच्या संगणकावर एका फोल्डरमध्ये आहे. विंडोज त्याचा आकार 61 जीबी दाखवते, आणि कलाकारांना प्रती द्यायच्या म्हणून म्हापशाच्या बाजारातून 64 जीबीचे पेनड्राइव्ह आणलेले आहेत. 3 जीबी जागा उरेल, असा हिशेब कोणीही करील. पण प्रत काढायला बसल्यावर जागा अपुरी असल्याचा संदेश येईल.

यात दुकानदाराने फसवलेले नसते. पेनड्राइव्हच्या वेष्टनावरील 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट, तर विंडोजचा 1 जीबी म्हणजे 1024 चा तीनदा गुणाकार, अर्थात 1,07,37,41,824 बाइट. या दुसऱ्या मापाला 1998 मध्ये ‘गिबीबाइट’ हे वेगळे नाव देण्यात आले, परंतु विंडोज त्यालाही जीबीच म्हणते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मॅकवर 2009 च्या ‘स्नो लेपर्ड’ आवृत्तीपासून हजाराचे माप वापरले जाते, त्यामुळे तेच फोल्डर तिथे सुमारे 65.5 जीबीचे दिसेल.

म्हणून रूपांतर करताना प्रथम बाइटपर्यंत उतरावे. फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘साइझ’ या ओळीत जीबीच्या आकड्यापुढे कंसात बाइटची पूर्ण संख्या दिसते. (खालच्या ‘साइझ ऑन डिस्क’ या ओळीकडे येथे लक्ष देऊ नये.) आपल्या उदाहरणात ती संख्या 65,49,82,51,264 च्या आसपास, म्हणजे 6,549 कोटींहून अधिक असेल, पेनड्राइव्हवर मात्र जेमतेम 6,400 कोटी बाइट मावतात.

त्यानंतर ही संख्या हव्या त्या मापात न्यावी. वेष्टनावरील जीबी हवे असल्यास 100 कोटींनी एकदाच भागावे. विंडोजचे जीबी हवे असल्यास स्प्रेडशीटच्या एका पेशीत बाइटची संख्या लिहून शेजारच्या पेशीत तिला 1024 ने तीन वेळा भागणारे सूत्र द्यावे. 64 जीबीच्या पेनड्राइव्हचे उत्तर 59.6 येते, 1 टीबीच्या हार्ड डिस्कचे 931. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्येही ‘डेटा’ हा रूपांतराचा विभाग आहे. तिथे गिगाबाइट आणि गिबीबाइट ही दोन्ही मापे स्वतंत्रपणे दिलेली असल्याने, ज्या खिडकीत 61 हा आकडा दिसला तिच्या मापाला इथे ‘गिबीबाइट’ समजून निवडावे लागते. त्याच कंपनीच्या दोन प्रोग्रामांनी एका शब्दाचे दोन अर्थ करावेत, हे मला तरी विचित्र वाटते. तोंडी हिशेबाला विंडोजच्या आकड्यास 1.074 ने गुणणे पुरेसे आहे.

चित्रीकरण पेनड्राइव्हऐवजी इंटरनेटवरून पाठवायचे ठरल्यास आणखी एक रूपांतर येते, कारण इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगितला जातो आणि 8 बिट मिळून 1 बाइट होतो. अपलोडचा वेग 40 एमबीपीएस असेल, तर सेकंदाला 5 एमबीच जातील. त्या हिशेबाने हे नाटक चढवायला, वेग एकदाही न मंदावता, 3 तास 38 मिनिटे लागतील.